यूपीसीमध्ये पेटंटचा खटला: दाव्याच्या मूल्यापासून वकिलांच्या बिलापर्यंत

युरोपातल्या अनेक देशांच्या सामाईक युनिफाइड पेटंट कोर्टात, म्हणजे यूपीसीत, खटला केवढ्याला पडेल असं विचारणारे बहुतेक जण आधी कोर्ट फीचा तक्ता उघडतात. तक्ता वाचायलाच हवा, पण एकूण बिलात कोर्ट फीचा वाटा लहान असतो. खर्चाला वळण देणारा आकडा वेगळा आहे. दाव्याच्या अर्जात वादाचं मूल्य म्हणून जी रक्कम लिहायची असते, तो हा आकडा. कोर्ट फी त्यावर ठरते आणि हरल्यास समोरच्याच्या वकिलांना किती द्यावे लागतील, याची कमाल मर्यादाही त्यावरच ठरते. हा आकडा घाईत टाकला, तर तो पुढे दोन वर्षं पाठ सोडत नाही.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: युरोपीय पेटंट हातात असलेले, आणि युरोपात औषधं, वैद्यकीय उपकरणं किंवा यंत्रांचे सुटे भाग विकताना दुसऱ्याच्या पेटंटला धडकण्याची शक्यता असलेले.

आधी नकाशा

कोर्ट १ जून २०२३ रोजी सुरू झालं. सुरुवातीला १७ देश होते, १ सप्टेंबर २०२४ ला रोमानिया आला आणि १८ झाले. जर्मनी, फ्रान्स, इटली, नेदरलँड्स, बेल्जियम, ऑस्ट्रिया, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड, पोर्तुगाल हे त्यातले मोठे. स्पेन, पोलंड आणि आयर्लंड त्यात नाहीत. ब्रिटन आणि स्वित्झर्लंडही नाहीत. त्यामुळे ‘युरोपभर मनाई हुकूम’ हे शब्द कानावर आले की आपला माल नेमका कोणत्या बंदरातून उतरतो, ते आधी तपासावं.

कोर्टाच्या पहिल्या पातळीवर लोकल डिव्हिजन, म्हणजे स्थानिक शाखा, आहेत. जर्मनीत चार (ड्युसेलडॉर्फ, म्युनिक, मानहाइम, हॅम्बुर्ग), आणि पॅरिस, मिलान, द हेग, ब्रसेल्स वगैरे शहरांत एकेक. स्वीडन आणि तिन्ही बाल्टिक देशांचं मिळून एक रीजनल डिव्हिजन आहे. पेटंट रद्द करून घेण्याचा स्वतंत्र दावा सेंट्रल डिव्हिजनकडे जातो. त्याचं मुख्य ठिकाण पॅरिस. रसायनं आणि यांत्रिकीची पेटंटं म्युनिककडे, तर औषधी उपयोग आणि वैद्यकीय उपकरणांचा वर्ग २०२४ पासून मिलानकडे. अपील कोर्ट लक्झेंबर्गला आहे. उल्लंघनाचे बहुसंख्य दावे जर्मन डिव्हिजनमध्येच दाखल होतात. कामकाजाची भाषा म्हणून इंग्रजीने जर्मनला मागे टाकलं आहे, त्यामुळे भारतीय पक्षकाराचा भाषांतराचा खर्च बराच वाचतो.

पायरी १: पेटंट या कोर्टाच्या कक्षेत आहे का?

पेटंटला ‘युनिटरी इफेक्ट’ असेल, म्हणजे सदस्य देशांत ते एकच पेटंट म्हणून लागू असेल, तर ते यूपीसीच्याच कक्षेत येतं, दुसरा रस्ता नाही. जुन्या पद्धतीने देशोदेशी वैध केलेल्या पेटंटला मात्र ऑप्ट-आउट करता येतं, म्हणजे मालक त्याला यूपीसीबाहेर काढू शकतो. ही सोय सात वर्षांच्या संक्रमणकाळापुरती आहे आणि तो काळ वाढवला नाही तर ऑप्ट-आउटची शेवटची तारीख ३० एप्रिल २०३० येते. फी लागत नाही. एकदा केलेलं ऑप्ट-आउट मागे घेता येतं, पण एकदाच. पेटंटवर यूपीसीत दावा दाखल झाला असेल तर ऑप्ट-आउटचं दार बंद होतं. ऑप्ट-आउट केल्यावर राष्ट्रीय न्यायालयात दावा सुरू झाला, तर परत आत येण्याचं दार बंद होतं.

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ऑप्ट-आउट खऱ्या मालकांनी करायचं असतं आणि त्यात प्रत्येक देशातल्या भागाचा प्रत्येक मालक सामील हवा. एका देशातला भाग समूहातल्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर होता आणि ती कंपनी अर्जात नव्हती, तर सगळं ऑप्ट-आउट फोल ठरतं. अपील कोर्टाने ४ जून २०२४ रोजी निओ वायरलेस विरुद्ध टोयोटा प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं. प्रतिवादीच्या बाजूला असाल तर यातच संधी आहे: नोंदवहीत ऑप्ट-आउट दिसलं म्हणून थांबू नका, मालकीच्या हस्तांतरणांची साखळी तपासा. मालकाच्या बाजूला असाल तर हीच तपासणी समोरच्याने करण्याआधी तुम्ही करा.

पेटंट नुकतंच मंजूर होत असेल तर युनिटरी इफेक्टचा अर्ज मंजुरीची नोंद प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्यात करावा लागतो. त्याला फी नाही, पण इंग्रजीतल्या पेटंटचं युरोपीय संघाच्या आणखी एका भाषेत संपूर्ण भाषांतर जोडावं लागतं. त्यासाठी ५०० युरोंची भरपाई मिळते, पण ती संघात राहणाऱ्या किंवा तिथे मुख्य ठिकाण असलेल्या लहान अर्जदारांनाच. पुण्याच्या स्टार्टअपने ती हिशेबात धरू नये.

पायरी २: मूल्य लिहिणं

कोर्टाच्या मार्गदर्शक सूचनांचा कल रॉयल्टीच्या हिशेबाकडे आहे. प्रतिवादीची आजवरची विक्री आणि पेटंट संपेपर्यंतची अपेक्षित विक्री यांची बेरीज घ्यायची आणि तिला त्या उद्योगातल्या रॉयल्टीच्या दराने गुणायचं. म्हणजे विक्री ४ कोटी युरो आणि दर ५% असेल तर मूल्य २० लाख युरो. दोन्ही बाजू एका आकड्यावर सहमत झाल्या तर कोर्ट सहसा तो मान्य करतं.

प्रतिवादीने पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा लावला की त्याचं वेगळं मूल्य येतं आणि ते मूळ दाव्याच्या दीडपटीपर्यंत धरलं जाऊ शकतं. दोन्ही मूल्यांची बेरीज पुढे वकिलांच्या खर्चाच्या मर्यादेसाठी वापरली जाते. प्रतिदावा न लावता लढणारे फार थोडे असल्यामुळे, दावा दाखल करतानाच ही बेरीज डोळ्यांसमोर ठेवावी.

मूल्य कमी दाखवून फी वाचवण्याचा मोह होतो. जिंकल्यावर तो महागात पडतो, कारण स्वतःच्या वकिलांना दिलेला पैसा त्या कमी मूल्याच्या मर्यादेपलीकडे परत मिळत नाही. मूल्य फुगवणाऱ्याला तोच फटका हरल्यावर बसतो. म्हणून आधी स्वतःला विचारा: आपली बाजू किती भक्कम आहे? आकडा लिहिताना ते उत्तर सगळ्यात जास्त वजनदार असायला हवं.

पायरी ३: कोर्ट फी

२०२३ च्या मूळ तक्त्यात उल्लंघनाच्या दाव्याला ११,००० युरो ठरावीक फी होती. मूल्य ५ लाखांच्या वर गेलं की त्यात मूल्यावर आधारित फीची भर पडत असे: १० लाखांपर्यंत ४,०००, २० लाखांपर्यंत १३,०००, ५० लाखांपर्यंत ३२,०००, १ कोटीपर्यंत ६५,००० आणि ५ कोटींच्या वर ३,२५,००० युरो. स्वतंत्र रद्दीकरणाच्या दाव्याला मूल्य न पाहता सरळ २०,०००. प्रतिदाव्याची फी उल्लंघनाच्याच तक्त्याने, पण २०,००० च्या वर नाही.

१ जानेवारी २०२६ पासून हे आकडे साधारण एक तृतीयांशाने वाढले. ११,००० च्या जागी १४,६०० आणि २०,००० च्या जागी २६,५०० आले. जुन्या लेखांतले तक्ते अजून सगळीकडे फिरत असतात, तेव्हा दाखल करण्याच्या दिवशी लागू असलेलाच तक्ता पाहा. २० लाखांच्या दाव्याला पूर्वी २४,००० युरो लागत, आता साधारण ३२,००० धरा.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना फीत सवलत आहे (मूळ नियमांत ४०%). पन्नासपेक्षा कमी माणसं आणि १ कोटी युरोंपर्यंतची उलाढाल हा साधारण निकष. मात्र मूळ कंपनी आणि भगिनी कंपन्या मिळून मोजतात. मोठ्या समूहाने याच पेटंटसाठी म्हणून काढलेली छोटी कंपनी या निकषात बसत नाही, आणि खोटं प्रतिज्ञापत्र पकडलं गेलं तर फरक भरून शिवाय दंडाची रक्कमही मोजावी लागते.

तडजोड लवकर केली तर फीचा काही भाग परत मिळतो. मूळ नियमांत लेखी टप्पा संपण्याआधी ६०%, मधला टप्पा संपण्याआधी ४०% आणि तोंडी टप्पा संपण्याआधी २०% असं प्रमाण होतं. एवढ्यासाठी कोणी तडजोड करत नाही, पण बोलणी अडकली असताना तारखेचं कारण म्हणून याचा उपयोग होतो.

पायरी ४: हरल्यास किती द्यावं लागेल

हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा वाजवी आणि प्रमाणात असलेला खर्च द्यायचा, असा नियम आहे. वकिलांच्या खर्चाला कमाल मर्यादा आहे:

- मूल्य २.५ लाख युरोंपर्यंत: ३८,०००
- ५ लाखांपर्यंत: ५६,०००
- १० लाखांपर्यंत: १,१२,०००
- २० लाखांपर्यंत: २ लाख
- ४० लाखांपर्यंत: ४ लाख
- ८० लाखांपर्यंत: ६ लाख
- १.६ कोटींपर्यंत: ८ लाख
- ३ कोटींपर्यंत: १२ लाख
- ५ कोटींपर्यंत: १५ लाख
- त्यावर: २० लाख

आता वरचं उदाहरण घ्या. उल्लंघनाचं मूल्य २० लाख, म्हणजे मर्यादा २ लाख. प्रतिदाव्याचं मूल्यही २० लाख धरलं तर बेरीज ४० लाख आणि मर्यादा ४ लाख. प्रतिदावा दीडपट धरला तर बेरीज ५० लाख आणि मर्यादा ६ लाख. दाव्याचा माल तोच, पेटंट तेच, पण हरण्याची किंमत तिप्पट.

ही मर्यादा कोर्टाच्या प्रत्येक पातळीला वेगळी लागते. अपिलात गेलात की फी पुन्हा भरायची आणि मर्यादेचा हिशेबही नव्याने सुरू होतो. प्रतिवादी पाच असले तरी मर्यादा पाचपट होत नाही. गुंतागुंतीच्या प्रकरणात ती वाढवून मागता येते (१० लाखांपर्यंतच्या दाव्यात ५०% पर्यंत, त्यावर २५%, आणि ५ कोटींच्या वर एकूण ५० लाखांपर्यंत), तर लहान उद्योग, विद्यापीठ किंवा एकट्या संशोधकाचं अस्तित्वच धोक्यात येत असेल तर कमीही करून मागता येते. कोर्ट फी, तज्ज्ञ आणि साक्षीदारांचा खर्च या मर्यादेबाहेर मोजला जातो.

निकाल अर्धामुर्धा लागला, म्हणजे पेटंट टिकलं पण आकसलेल्या स्वरूपात, तर खर्चाचीही वाटणी होते. असं बऱ्याचदा घडतं.

पायरी ५: भारतातून दावा करणाऱ्याची खास अडचण

प्रतिवादी कोर्टाकडे मागणी करू शकतो की दावेदाराने खर्चाची हमी रक्कम आधी जमा करावी किंवा बँक गॅरंटी द्यावी. कोर्ट दोन गोष्टी पाहतं: दावेदाराची आर्थिक स्थिती, आणि खर्चाचा आदेश त्याच्या देशात वसूल करणं जाचक होईल का. भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली ज्या देशांचे हुकूमनामे थेट अंमलात येतात, त्या यादीत ब्रिटन, सिंगापूर आहेत. जर्मनी, फ्रान्स नाहीत. युरोपीय आदेशाची वसुली करायची तर इथे नव्याने दावा लावावा लागतो. प्रतिवादीचा वकील नेमकं हेच दाखवणार. म्हणून ताळेबंद, युरोपातली मालमत्ता आणि बँकेचं पत्र दावा दाखल करण्याआधीच तयार ठेवा. हमीचा पैसा निकालापर्यंत अडकून पडतो, तेव्हा तो खेळत्या भांडवलातून वेगळा काढून मगच पुढे जा.

उलट दिशेनेही भारताचा संबंध येतो. भारतात समन्स बजावायचं तर हेग कराराच्या वाटेने, केंद्र सरकारच्या माध्यमातून जावं लागतं, आणि भारताने थेट टपालाने बजावणीला हरकत नोंदवलेली आहे. त्यात महिने जातात. म्हणून दावेदार भारतातल्या कंपनीसोबत तिच्या युरोपीय उपकंपनीलाही ओढतात आणि उपकंपनीचं घड्याळ लगेच सुरू होतं. जर्मनीतल्या छोट्या विक्री कार्यालयात आलेली कागदपत्रं मुख्यालयात पोचायला पंधरा दिवस लागले, तर ते पंधरा दिवस तुमचेच वाया गेले.

भारतीय पेटंट एजंट किंवा वकील यूपीसीत उभे राहू शकत नाहीत. सदस्य देशातला वकील किंवा पात्रता असलेला युरोपीय पेटंट अ‍ॅटर्नी लागतो. इथल्या सल्लागाराने समन्वय, पुराव्यांची जुळवाजुळव आणि तांत्रिक बाजू सांभाळावी. बिल तिथेच कमी होतं.

पायरी ६: वेळापत्रक

यूपीसीत पुरावा आणि युक्तिवाद पहिल्याच कागदात घालायचे असतात. ‘पुढे पाहू’ म्हणून ठेवलेला मुद्दा नंतर आत घ्यायला परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही. भारतीय न्यायालयांच्या सवयीने चालणारे इथे ठेचकाळतात.

कागदपत्रं मिळाल्यापासून अधिकारक्षेत्राची प्राथमिक हरकत एका महिन्यात. कैफियत आणि प्रतिदावा तीन महिन्यांत. त्यावर दावेदाराचं उत्तर दोन महिन्यांत, आणि पेटंटात दुरुस्ती सुचवायची तर तीही याच टप्प्यावर. स्वतंत्र रद्दीकरणाच्या दाव्यात मालकाला कैफियतीसाठी फक्त दोन महिने मिळतात. लेखी टप्प्यानंतर साधारण तीन महिन्यांचा मधला टप्पा, मग बहुधा एका दिवसाची सुनावणी, आणि निकाल सहा आठवड्यांत देण्याचं उद्दिष्ट. एकूण साधारण वर्षभर.

खर्चाचा मोठा भाग यातल्या पहिल्या पाच महिन्यांतच होतो. दावेदाराकडे तयारीला हवा तेवढा वेळ असतो, प्रतिवादीला तीन महिन्यांत पूर्वज्ञात तंत्र (पेटंटच्या अर्जाआधीच जगाला माहीत असलेलं तंत्र) शोधायचं, प्रयोग करायचे, तज्ज्ञ बांधायचा. म्हणून युरोपात माल उतरवण्याआधीच धोक्याच्या दोन-तीन पेटंटांवर पूर्वज्ञात तंत्राचा शोध करून ठेवणं स्वस्त पडतं. घाईत केलेला शोध महाग असतो आणि कच्चाही राहतो.

पायरी ७: अंतरिम मनाई आणि प्रदर्शनातला छापा

कोर्ट सुरू झाल्याच्या महिन्यातच, २२ जून २०२३ ला, ड्युसेलडॉर्फने मायस्ट्रोमर विरुद्ध रिव्होल्ट प्रकरणात फ्रँकफर्टच्या सायकल प्रदर्शनासाठी अर्जाच्याच दिवशी, समोरच्याला न ऐकता मनाई दिली. नवीन यंत्र घेऊन जर्मनीत प्रदर्शनाला जाणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यावर उपाय आहे: आपली बाजू आधीच मांडणारं संरक्षण पत्र कोर्टात ठेवता येतं. त्याची फी मूळ तक्त्यात २०० युरो होती आणि पत्र सहा महिने चालतं, पुढे फी भरून वाढवता येतं. पत्रात रद्दीकरणाचा सगळ्यात जोरदार मुद्दा घाला, नुसता ‘आम्ही उल्लंघन करत नाही’ असा सूर ठेवू नका.

मनाई मागणाऱ्याला पेटंट वैध असणं आणि उल्लंघन होणं ‘न होण्यापेक्षा अधिक संभवनीय’ आहे हे दाखवावं लागतं. अपील कोर्टाने २६ फेब्रुवारी २०२४ ला टेनएक्स जीनोमिक्स विरुद्ध नॅनोस्ट्रिंगमध्ये हा निकष लावून म्युनिकने दिलेली मनाई उठवली. उशीरही घातक ठरतो. उल्लंघन कळल्यावर एक ते दोन महिन्यांत अर्ज न केल्यास निकड उरली नाही असं मानलं जाऊ शकतं. मनाई मिळाल्यावर मुख्य दावा ३१ दिवस किंवा २० कामकाजाचे दिवस, यांतला जो काळ मोठा असेल त्यात दाखल करावा लागतो. मनाई पुढे उठली तर नुकसानभरपाई अर्जदाराच्याच डोक्यावर येते.

पायरी ८: रद्दीकरणाची वाट निवडणं

पेटंट मंजूर होऊन नऊ महिने झाले नसतील तर आधी युरोपीय पेटंट कार्यालयात विरोध नोंदवण्याचा विचार करा. तिथली फी यूपीसीच्या तुलनेत किरकोळ, आणि सहसा दोन्ही बाजू आपापला खर्च सोसतात. मात्र वेळ लागतो, आणि विरोध चालू आहे म्हणून यूपीसी थांबेलच असं नाही. तिथला निकाल लवकर अपेक्षित असेल तरच कोर्ट थांबतं. यूपीसीतला रद्दीकरणाचा निकाल महाग, पण एका फटक्यात सगळ्या सदस्य देशांत लागू.

भारतीय वाचकांनी अभ्यासावं असं प्रकरण वापीच्या मेरिल लाइफ सायन्सेसचं आहे. हृदयाच्या कृत्रिम झडपेच्या पेटंटवर एडवर्ड्सने कोर्ट सुरू होताच म्युनिकमध्ये मेरिलच्या भारतीय आणि जर्मन कंपन्यांवर उल्लंघनाचा दावा लावला. ऑगस्ट २०२३ मध्ये मेरिलच्या इटालियन कंपनीने पॅरिसच्या सेंट्रल डिव्हिजनमध्ये रद्दीकरणाचा स्वतंत्र दावा लावला. इटालियन कंपनी म्युनिकच्या खटल्यात पक्षकार नव्हती, म्हणून पॅरिसने तो दावा स्वीकारला. पण १९ जुलै २०२४ ला पॅरिसने पेटंट दुरुस्त स्वरूपात टिकवलं, १५ नोव्हेंबर २०२४ ला म्युनिकने उल्लंघन मान्य करून मनाई दिली, आणि २५ नोव्हेंबर २०२५ ला अपील कोर्टानेही पेटंट टिकवलं. डावपेच चालला, पण पेटंट मालकाने राखून ठेवलेल्या पर्यायी दुरुस्तीने त्याला निष्प्रभ केलं. रद्दीकरण मागताना पेटंटातल्या मूळ मागण्यांइतकाच (म्हणजे क्लेम्सइतकाच) जोर मालकाच्या पर्यायी मागण्यांवर लावा, शोधाचा अर्धा खर्च तिकडे वळवा.

पायरी ९: जिंकण्याची शक्यता तोलताना

कोर्टाच्या पहिल्या पातळीचा निकाल अंतिम धरू नका. सनोफीने म्युनिकमध्ये १६ जुलै २०२४ ला अ‍ॅमजेनचं पेटंट रद्द करून घेतलं होतं. अपील कोर्टाने २५ नोव्हेंबर २०२५ ला ते उलटवलं आणि त्या दिवसापासून शोधातली कल्पकता तपासण्याची चौकट स्थिरावली. त्याआधीचे पहिल्या पातळीचे निकाल आता थोडं अंतर ठेवून वाचावेत.

दुसरी गोष्ट, कोर्टाचा हात लांबला आहे. युरोपीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०२५ ला बीएसएच विरुद्ध इलेक्ट्रोलक्समध्ये ठरवलं की प्रतिवादीचं ठिकाण संघात असेल तर तिथलं कोर्ट संघाबाहेरच्या देशातल्या पेटंटचं उल्लंघनही ऐकू शकतं. मानहाइमने १८ जुलै २०२५ ला फुजीफिल्म विरुद्ध कोडॅकमध्ये ब्रिटनसाठीही मनाई दिली. जर्मनीत नोंदवलेली उपकंपनी आता युरोपभरच्या वादांसाठी तुमचा पत्ता होऊ शकते. उपकंपनी कुठे काढायची, या निर्णयात कर सल्लागाराच्या बरोबरीने पेटंट सल्लागारालाही बसवा.

पायरी १०: निकालानंतरच्या मुदती

अपील निकाल हाती आल्यापासून दोन महिन्यांत, त्याची कारणं चार महिन्यांत. अंतरिम मनाईच्या आदेशावर फक्त १५ दिवस. नुकसानभरपाईची रक्कम ठरवण्याचा वेगळा अर्ज अंतिम निकालापासून एका वर्षात. भरपाईचा दावा किती काळात लावायचा? उल्लंघन कळल्यापासून, किंवा कळायला हवं होतं तेव्हापासून, पाच वर्षांत.

खर्च वसुलीचा अर्ज निकालापासून एका महिन्यात करावा लागतो. तोवर वकिलांची तासवार बिलं, तज्ज्ञांच्या पावत्या, भाषांतराची बिलं आणि प्रवासखर्च प्रकरणनिहाय लावलेले नसतील, तर मर्यादेतली रक्कमही हातून सुटते. बिलांवर यूपीसीचा प्रकरण क्रमांक पहिल्या दिवसापासून टाकून घ्या, आणि समांतर चालणाऱ्या विरोध प्रक्रियेचे तास वेगळ्या बिलात मागा. एकत्र बिल आलं तर समोरचा वकील पहिला आक्षेप त्याच ओळीवर घेतो.